चिठ्ठीप्रमाणे औषध दिले, तरी जबाबदारी कोणाची? फार्मासिस्टचे कायदेशीर दायित्व

धागाकर्ता : सेलूकर

सर्व सभासदांना नमस्कार. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी माझे औषधाचे दुकान असून मालक आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट दोन्ही मीच आहे. माझा प्रश्न नेमका आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीतच चूक असेल आणि आपण चिठ्ठीत लिहिलेले औषध लिहिल्याप्रमाणेच दिले, तर रुग्णाला होणाऱ्या अपायाची जबाबदारी आपल्यावर किती येते? आमच्याकडच्या बहुतेक दुकानदारांचे उत्तर ठरलेले आहे : "चिठ्ठीप्रमाणे दिले, विषय संपला." हे उत्तर मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे गेल्या पावसाळ्यात दुकानात आलेली एक चिठ्ठी.

संधिवात असलेल्या एका आजींचा नातू ती घेऊन आला होता. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांची, संगणकावर छापलेली चिठ्ठी, त्यामुळे अक्षराबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. तीत मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम, १-०-० (म्हणजे रोज सकाळी एक), ३० दिवस, ३० गोळ्या असे छापले होते आणि फॉलिक ॲसिड मात्र आठवड्यातून एकदा. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर सुरुवात तोंडातल्या फोडांनी होते, पुढे अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि रुग्ण दगावूही शकतो. टंकलेखन करताना दोन ओळींची अदलाबदल झाली असावी, हे उघड दिसत होते.

मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर रुग्ण तपासत होते, तासाभराने त्यांनी स्वतः उलट फोन करून दुरुस्ती सांगितली आणि सही केलेल्या नव्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. मूळ चिठ्ठीच्या प्रतीवर मी वेळ, झालेले बोलणे आणि माझी सही नोंदवली, चारच गोळ्या दिल्या आणि पाकिटावर ठळक अक्षरांत "फक्त बुधवारी" असे लिहिले, कारण आजींच्या गावचा आठवडी बाजार बुधवारी असतो आणि तो वार त्या विसरत नाहीत.

मी फोन केला नसता तर कायद्याने माझे काय झाले असते, हे जाणकारांनी सांगावे.

खंडपीठवाला वकील

सेलूकर, प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी छत्रपती संभाजीनगर येथे वकिली करतो आणि ग्राहक आयोगातील प्रकरणे नियमित पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फार्मासिस्टवर चार वेगवेगळ्या मार्गांनी कारवाई होऊ शकते आणि एका मार्गाने सुटका झाली म्हणून दुसरा बंद होत नाही. पहिला ग्राहक आयोगाचा, दुसरा फौजदारी, तिसरा अन्न व औषध प्रशासनाचा म्हणजे दुकानाच्या परवान्याचा, आणि चौथा राज्य फार्मसी कौन्सिलचा म्हणजे तुमच्या स्वतःच्या नोंदणीचा. दुकानदार सहसा तिसऱ्याला घाबरतात. माझ्या मते पहिला मार्ग जास्त धोक्याचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक महत्त्वाची गोष्ट बदलली. तक्रार कोणत्या आयोगापुढे चालणार हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. औषधाची पट्टी दोनशे रुपयांची असते. त्यामुळे त्या पट्टीवरून रुग्णाच्या वारसांनी कितीही मोठी भरपाई मागितली, तरी ते आपल्या राहत्या जिल्ह्यातच, एक रुपयाही शुल्क न भरता, घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाद मागू शकतात. दुकान नांदेडला आणि रुग्ण हिंगोलीचा असेल तर नांदेडच्या दुकानदाराला हिंगोलीच्या तारखा कराव्या लागतील.

आता मूळ मुद्दा. याच कायद्याच्या कलम ८६ मध्ये उत्पादन विकणाऱ्याचे स्वतंत्र दायित्व सांगितले आहे. वस्तू तपासण्यात किंवा सांभाळण्यात वाजवी काळजी घेतली नाही, अथवा धोक्याबाबत उत्पादकाने दिलेल्या सूचना ग्राहकापर्यंत पोचवल्या नाहीत आणि त्यातून अपाय झाला, तर विक्रेता जबाबदार ठरू शकतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे, ही सूचना न देता तीस गोळ्या हातात ठेवणे या तरतुदीत अलगद बसते. शिवाय औषध व्यवसाय नियमावली, २०१५ नुसार चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे, त्यामुळे "मी फक्त गोळ्या मोजून दिल्या" असे म्हणणे म्हणजे कर्तव्य केले नाही हे लेखी कबूल करण्यासारखे आहे.

या विषयावर ब्रिटनमधला एक निकाल नेहमी सांगितला जातो, प्रेंडरगास्ट विरुद्ध सॅम अँड डी. तो आपल्या आयोगांवर बंधनकारक नाही, परंतु त्यातील विचार पाहण्यासारखा आहे. दम्याच्या रुग्णाला छातीतल्या संसर्गासाठी डॉक्टरांनी ॲमॉक्सिल लिहिले होते. अक्षर खराब असल्यामुळे फार्मासिस्टने ते डाओनिल असे वाचून मधुमेहाच्या गोळ्या दिल्या. रुग्णाची साखर एकदम उतरली आणि मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने जबाबदारीची वाटणी केली ती अशी : डॉक्टर २५ टक्के, फार्मासिस्ट ७५ टक्के. फार्मासिस्टचा वाटा मोठा का, तर चूक पकडण्याच्या खुणा त्याच चिठ्ठीत होत्या. लिहिलेली २५० मिलिग्रॅमची मात्रा डाओनिलमध्ये मिळतच नव्हती, दिवसातून तीन वेळा हे प्रमाणही त्या औषधाचे नव्हते, आणि तिथे मधुमेहींना औषध मोफत मिळत असताना हा रुग्ण पैसे देत होता.

तुमच्या प्रकरणात आठवड्यातून एकदा असलेले फॉलिक ॲसिड ही तशीच खूण होती. ती दिसत असूनही फोन केला नसता, तर डॉक्टरांबरोबर तुम्हीही सामनेवाले झाला असता, आणि माझ्या अंदाजाने दोघांवरही काही ना काही बसले असते.

जालना औषधी

वकील साहेबांबद्दल आदर राखून लिहितो. माझी या व्यवसायातली ही दुसरी पिढी आहे. कायदा जे सांगतो ते ऐकायला छान आहे, परंतु संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत दवाखान्याशेजारच्या दुकानासमोर जी गर्दी असते ती कायदा करणाऱ्यांनी पाहिलेली दिसत नाही. प्रत्येक शंकेला फोन केला तर काही डॉक्टर चिडतात आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्णाला "पलीकडच्या मेडिकलवरून घ्या" असे सांगतात. ज्या दुकानाचे भाडेच दवाखान्याच्या मालकाला जाते, तिथल्या फार्मासिस्टने डॉक्टरांना चूक दाखवायची कशी?

दुसरी अडचण पर्यायी औषधाची. डॉक्टर अशा कंपनीची गोळी लिहितात जी त्यांच्या शेजारच्या दुकानाशिवाय कुठेच मिळत नाही. खेड्यातून आलेला माणूस रात्रीच्या शेवटच्या एसटीने परत जाणार असतो. घटक तोच, मात्रा तीच, कंपनी दुसरी अशी गोळी मी दिली तर त्यात रुग्णाचे काय नुकसान होते? आणि तरीही तोच गुन्हा धरला जातो.

निवृत्त निरीक्षक

जालना औषधी, पर्यायी औषधाबाबत तुमची अडचण खरी आहे, परंतु नियम स्पष्ट आहे. औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ च्या पोटनियम ११-अ नुसार चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसरी तयारी देता येत नाही, मग तीत घटक तोच असला तरीही. त्यावर कायदेशीर उपाय एकच, डॉक्टरांशी बोलून चिठ्ठीत बदल करून घेणे. डॉक्टरांनीही औषधाचे जेनेरिक नाव, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असे वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ साली घातले गेले आहे, तेव्हा तसा आग्रह धरायला तुमच्याकडे आधार आहे. पर्यायी गोळीने काही बिघडले नाही तर कोणी विचारत नाही, हे मलाही माहीत आहे. पण रुग्णाला त्याच काळात दुसऱ्या कारणाने काही झाले, तर नातेवाइकांच्या वकिलाला पहिला धागा तुमच्या बिलावरच्या वेगळ्या नावातच सापडतो.

सेवेत असताना मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मी जे पाहिले त्यावरून सांगतो की खऱ्या अडचणीची प्रकरणे चिठ्ठीच्या चुकीतून कमी आणि फार्मासिस्टच्या गैरहजेरीतून जास्त निर्माण होतात. भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेले असते, खुंटीला पांढरा ॲप्रन टांगलेला असतो आणि काउंटरवर बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहणारा मुलगा मधुमेहाच्या आणि फिटच्या गोळ्या देत असतो. नियम ६५ च्या पोटनियम २ प्रमाणे चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावे लागते. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ खाली नोंदणी नसलेल्याने औषध देणे हा गुन्हा आहे. जनविश्वास कायदा, २०२३ ने त्यातील दंडाची कमाल मर्यादा एक हजारावरून थेट दोन लाख रुपयांवर नेली, कारावास मात्र सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणला. बिहारमध्ये बनावट फार्मासिस्टच्या हातून चालणाऱ्या दवाखान्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मुकेश कुमार प्रकरणात फार कडक शब्द वापरले आहेत, ते व्यवसायातील प्रत्येकाने वाचावेत.

दुसरी गोष्ट खरेदी बिलांची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम १९ च्या पोटकलम ३ मध्ये किरकोळ विक्रेत्यासाठी एक बचाव दिलेला आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. औषध निकृष्ट निघाले, परंतु विक्रेत्याने ते परवानाधारक उत्पादकाकडून किंवा वितरकाकडून घेतले असेल, दोष त्याला माहीत नसेल आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, आणि औषध त्याच्याकडे योग्य रीतीने साठवलेले व घेतले त्याच स्थितीत असेल, तर त्याच्यावर दोष येत नाही. या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली बिलाने सिद्ध होते, आणि दहा टक्के जास्त सुटतात म्हणून बिनबिलाचा माल घेणारा माणूस ती स्वतःच गमावून बसतो. तिसरी अट आपल्या भागात सर्वांत अवघड आहे. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याच्या गाळ्यात त्याहून जास्त, आणि वेष्टनावर लिहिलेले असते "३० अंशांखाली ठेवावे". इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, तर फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांच्या मागे ते कोंबलेले मी पाहिले आहे. वीज गेल्यावर फ्रिजचे तापमान किती झाले हे विचारले की दुकानदार छताकडे पाहतात. शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक आणि रोज दोन वेळा वहीत आकडा, एवढे केले असते तर कितीतरी जणांचा बचाव टिकला असता.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधातील डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकामुळे मुले दगावली तेव्हा आपल्या राज्यातही त्या बॅचची विक्री ताबडतोब थांबवण्याचे आदेश निघाले. असा आदेश आल्यावर आपल्याकडे ती बॅच होती का, कोणाकडून आली आणि कोणाला गेली, हे ज्याला कागदावर दाखवता येते तो निर्धास्त असतो.

मांजराकाठ

निरीक्षक साहेब, एच-वन रजिस्टर किती वर्षे ठेवायचे?

निवृत्त निरीक्षक

तीन वर्षे. शेड्यूल एच-वन, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांची यादी, १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात क्षयरोगाची औषधे, सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल वगैरे येतात. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या ही नोंद विक्रीच्या वेळीच करावी. महिनाअखेरीस एका बैठकीत एकाच शाईने लिहिलेले रजिस्टर तपासणीत लगेच ओळखू येते. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांबाबत तर अधिक जपावे. संभाजीनगरला ज्यांना "बटन" म्हणतात त्या याच गोळ्या आहेत. त्यांचा हिशेब जुळला नाही तर प्रकरण आमच्या खात्यापुरते राहत नाही, पोलीस अमली पदार्थविरोधी कायद्याची कलमे लावतात आणि मग जामिनासाठी धावाधाव करावी लागते.

अंबाजोगाईचा फिजिशियन

डॉक्टरांच्या बाजूनेही एक प्रतिसाद असावा म्हणून लिहितो. फार्मासिस्टच्या फोनवर चिडणारे सहकारी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु माझ्या लिहिण्यातील चूक रुग्णाच्या पोटात जाण्याआधी शेवटचा जो माणूस ती पाहतो तो फार्मासिस्ट आहे, आणि त्याने फोन केला तर त्यात माझाही बचाव आहे. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या रुग्णाला दुसऱ्याच कोणी डॉक्टरने लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल लिहिले, तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकत्र दिसतात त्या दुकानातच, आमच्यापैकी कोणालाही त्या एकत्र दिसत नाहीत.

माझी तक्रार वेगळीच आहे. काउंटरवरून, चिठ्ठीशिवाय, अंगदुखीसाठी कागदाच्या पुडीत दिल्या जाणाऱ्या गोळ्या. त्यात एक वेदनाशामक, एक आम्लपित्ताची आणि एक बारीक पांढरी गोळी असते. ती पांढरी गोळी डेक्सामेथासोन असते. रुग्णाला दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून तो महिनोन्महिने तीच पुडी नेतो आणि शेवटी वाढलेली साखर, सुजलेला चेहरा आणि ठिसूळ झालेली हाडे घेऊन आमच्याकडे येतो. "काय घेत होता?" असे विचारले तर पुडीवर ना नाव ना बॅच. याला जबाबदार कोण, हेही वकील साहेबांनी सांगावे.

खंडपीठवाला वकील

डॉक्टर, ते प्रकरण चुकीच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. चिठ्ठीवर औषध देताना चूक झाली तर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देणे हे मुळातच नियमभंग आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या १९९६ च्या निकालात, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधे दिली होती. ज्या पद्धतीची पात्रता नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. निदान करण्याची पात्रता फार्मासिस्टकडे नसते, त्यामुळे तोच तर्क काउंटरवरच्या पुडीला लावला जाईल हे गृहीत धरून चालावे.

फौजदारी बाजूबद्दल एक गैरसमज दूर करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास आहे आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायींना, वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास, तो दोन वर्षांपर्यंतच आहे. अनेक फार्मासिस्टना वाटते की ही सवलत आपल्यालाही आहे. ती नाही. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याखालील पात्रता आणि वैद्यकीय नोंदवहीतील नोंद असलेली व्यक्ती, अशीच व्याख्या आहे. फार्मासिस्टची नोंदवही वेगळी, म्हणून त्याला पूर्ण पाच वर्षांची तरतूद लागू होते. मृत्यू न होता इजा झाली तर कलम १२५ आहे. आणि एका औषधाच्या नावाखाली जाणूनबुजून दुसरेच औषध देणे हा कलम २७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

दिलासा देणारी बाजूही सांगतो. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की साध्या चुकीवरून फौजदारी दोष लावता येत नाही, निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे हे त्यातील निर्देश डॉक्टरांना उद्देशून आहेत, तरीही फार्मासिस्टच्या वतीने त्यांचा आधार जरूर घ्यावा. शिवाय नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. त्या चौदा दिवसांत सेलूकरांसारखी चिठ्ठीमागची नोंद दाखवता आली, तर बहुतेक वेळा पुढचे सगळे टळते.

हिंगोलीची वाचक

मी या व्यवसायातली नाही, रुग्णाची मुलगी आहे. माझ्या वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली असून त्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन चालू आहे. चिठ्ठीत २ मिलिग्रॅम होते, दुकानातून ५ मिलिग्रॅमची पट्टी दिली गेली. नाव तेच असल्यामुळे घरी कोणाच्या लक्षात आले नाही. काही दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले, तेव्हा दवाखान्यात धावलो. नशिबाने वेळेत कळले. नंतर दुकानात विचारायला गेलो तर "आमच्याकडून नेलेच नाही" असे उत्तर मिळाले. बिल घेतले नव्हते. वर लिहिलेले सगळे कायदे आमच्यासारख्यांना कसे उपयोगी पडणार?

खंडपीठवाला वकील

ताई, बिल नसणे ही अडचण आहे, परंतु तक्रारीचा शेवट नाही. बिल न देणे हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. फोनवरून पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद, उरलेली पट्टी, मूळ चिठ्ठी आणि दवाखान्यातील रक्त तपासणीचा अहवाल एकत्र ठेवा. पट्टीवरचा बॅच क्रमांक असेल तर तो माल कोणत्या वितरकाकडून कोणत्या दुकानात गेला हे प्रशासनाला शोधता येते. अशा प्रकरणात तज्ज्ञाचे मत हवेच असेही नाही. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ आवश्यक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव प्रकरणात २०१० साली म्हटले आहे, आणि चिठ्ठीत २ व पट्टीवर ५ हे वाचायला तज्ज्ञ लागत नाही.

सेलूकर

ताईंच्या प्रतिसादावरून एक बारीक गोष्ट दुकानदारांसाठी लिहून ठेवतो. आपण पट्टी कापतो तेव्हा बॅच क्रमांक आणि मुदत बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. कापताना ते टोक दुकानात ठेवून उरलेल्या गोळ्या रुग्णाला देण्याची सवय अनेकांना आहे, म्हणजे पुढचा ग्राहक आला की पट्टीची माहिती हाताशी राहावी. रुग्णाच्या हातात मात्र निनावी गोळ्या जातात. माझ्याकडे तर नियमच केला आहे की कापलेल्या तुकड्यावर नाव, मात्रा आणि बॅच दिसत नसेल तर तो पाकिटात घालून पाकिटावर हे तिन्ही लिहायचे आणि बिलावरची मात्रा ग्राहकासमोर मोठ्याने वाचायची. वॉरफेरिन, इन्सुलिन, मेथोट्रेक्सेट, फिटची औषधे आणि लहान मुलांची पातळ औषधे यांच्या बाबतीत मी काउंटरवरच्या मदतनिसाला हात लावू देत नाही.

विम्याबद्दलही कोणी लिहावे.

जालना औषधी

विमा आहे. व्यावसायिक दायित्वाचा विमा फार्मासिस्टलाही मिळतो आणि हप्ता फार नसतो. पण अटी वाचून घ्या. माझ्या पॉलिसीत फौजदारी दंड येत नाही आणि पात्रता नसलेल्या माणसाने दिलेल्या औषधाचा दावाही वगळलेला आहे. म्हणजे निरीक्षक साहेबांनी वर्णन केलेल्या दुकानाला विम्याचा कागद असूनही उपयोग नाही. आधी मी जे लिहिले त्यातली गर्दीची अडचण अजूनही तशीच आहे, परंतु फोन करण्याबाबत डॉक्टर साहेबांनी लिहिलेले माझ्या इथल्या डॉक्टरांना दाखवणार आहे.

लातूरची डी. फार्म.

मी नुकतीच नोंदणी झालेली फार्मासिस्ट आहे. एका दुकानाच्या मालकांनी घरी निरोप पाठवला आहे की प्रमाणपत्र लावू द्या, दरमहा ठरलेली रक्कम घरी पोचेल, तपासणी असेल त्या दिवशी येऊन सह्या करा. घरचे म्हणतात की लग्न होईपर्यंत तेवढेच बरे. यात माझ्यावर नेमके काय येऊ शकते?

निवृत्त निरीक्षक

मुली, सगळे येऊ शकते, आणि ते मालकाच्या आधी तुझ्यावर येईल. दुकानाच्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून तुझे नाव असते, म्हणून त्या काउंटरवरून गेलेली प्रत्येक गोळी कागदोपत्री तुझ्या देखरेखीखाली गेलेली असते. प्रत्यक्ष काम न करता प्रमाणपत्र वापरू देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि त्यासाठी फार्मसी कायद्याच्या कलम ३६ खाली नोंदवहीतून नाव काढले जाऊ शकते. ताईंच्या वडिलांसारखे प्रकरण घडले तर मालक म्हणणार की फार्मासिस्ट नेमलेली होती, तिला विचारा. त्या वेळी तू गावात नव्हतीस असे सांगणे म्हणजे दुसरा गुन्हा कबूल करणे. महिन्याच्या त्या रकमेत यातले काहीही बसत नाही. घरच्यांना हा धागा वाचायला दे.

लातूरची डी. फार्म.

धन्यवाद सर. नकार कळवत आहे. माझ्या एका मैत्रिणीने मात्र असे प्रमाणपत्र आधीच दिले आहे आणि तिला आता बाहेर पडायचे आहे. मालक "बघू, दुसरी मिळाली की काढू" असे म्हणत आहेत.

खंडपीठवाला वकील

तिने मालकांच्या संमतीची वाट पाहू नये. राजीनामा तारीख घालून लेखी द्यावा, तो स्पीड पोस्टाने पाठवावा आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, औषधे, यांच्या कार्यालयात आपण अमुक तारखेपासून त्या दुकानात फार्मासिस्ट नाही असे पत्र देऊन प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र परत मागावे, मिळाले नाही तर तसेही पत्रात लिहावे. राजीनाम्यापूर्वीच्या काळातील दायित्व यामुळे पुसले जाणार नाही. मात्र त्या तारखेनंतर दुकानातून काय गेले याचे उत्तर मालकांनाच द्यावे लागेल. कार्यालयातल्या खिडकीवर "पोस्टाने पाठवा" असे सांगतील. तरीही हातोहात द्यावे आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नये.